चौकशीवाले भाऊसाहेब

ज्याला कामावर इजा झाली, त्याची चप्पल भाऊसाहेब आधी मागून घेत. जबाब नंतर, कागद नंतर. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून एक व्हॉल्व्हमन घसरला, तेव्हा त्यांनी त्याच्या घरून चपला मागवल्या. स्वतःचे काळे बूट शिडीच्या तळाशी नीट जोडून ठेवले आणि परक्या चपलांतून टाचा बाहेर आलेल्या, असे शिडी चढायला लागले. खाली इंजिनियर, ठेकेदाराचा माणूस आणि आम्ही चार-दोन बाया. सातव्या पायरीला त्यांचा पाय सटकला. दोन्ही हातांनी लोखंड धरून ते तसेच लोंबकळले आणि वरूनच म्हणाले, "लिवून घ्या. पायरी सातवी. चप्पल चांगली हाय, पायरी झिजल्याली हाय." इंजिनियर घाबरून म्हणाला, "भाऊसाहेब, खाली या हो, तुम्हीच पडाल." तर म्हणाले, "पडलो तर माजा अहवाल कुनी लिवायचा, तेवढं ठरवून ठिवा," आणि उतरले.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. मी चंद्रपूरकडची, आमच्याकडे कारकुनाला बाबू म्हणतात. इथे, नगर जिल्ह्यात, कचेरीतल्या प्रत्येक कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. आमच्या नगरपालिकेत असे पंधरा-वीस भाऊसाहेब होते, म्हणून यांच्या नावामागे 'चौकशीवाले' लावावं लागे. गाव राहुरीपासून फार लांब नाही, उसाच्या पट्ट्यातलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत.

त्यांचं काम असं, की नगरपालिकेचा कुणी झाडूवाला, वायरमन, ड्रायव्हर कामावर जायबंदी झाला, की जागेवर जायचं, काय झालं ते शोधायचं आणि कायद्याने त्याला भरपाई लागू होते की नाही, याचा अहवाल लिहायचा. कचेरीला वाटायचं, हा माणूस कामगारांचा. कामगारांना वाटायचं, काही झालं तरी कचेरीचाच. भाऊसाहेब म्हणत, "दोगंबी नाराज असले म्हंजी समजायचं, आपलं बरं चाललंय." चौकशीला ज्या घरी जात तिथे चहा घेत नसत. "च्या प्यालो की अहवाल गोड हुतो." पाणी मात्र मागून पीत, एकेका घरी दोन-दोन तांबे.

बोलणं असं कर्जतकडचं रांगडं, पण लिहिणं एकदम सुतासारखं सरळ. त्यातही एका वाक्यावर त्यांचा राग होता. 'अपघात घडून आला' असं कुणी लिहून आणलं, की तो कागद ते परत करीत. "घडून काय येतंय? पाऊस हाय का त्यो? कुनीतरी काईतरी केलं, न्हाईतर करायचं सोडलं. त्याचं नाव लिवा." नवीन कारकून यावर हसत. नाव लिहायची वेळ आली की हसणं थांबायचं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या हातामुळे.

मी सातवीत शाळा सोडली. गावात शाळा तेवढीच होती आणि पुढची नदीपलीकडे. लग्नानंतर नवरा बोअरवेलच्या गाडीवर लागला आणि गाडीमागे फिरत आम्ही या गावात आलो. तो महिना-महिना बाहेर. मी आणि लहान मुलगी एका पत्र्याच्या खोलीत. इथली भाषा मला कळायची, पण मी बोलले की दुकानदार हसायचा, म्हणून मी कमी बोलायचे. भीती मला सगळ्याचीच वाटे. दार लावलं की नाही, हे मी तीनदा बघायची.

शेजारच्या सुमनमावशी नगरपालिकेत झाडूकामावर कायम होत्या. पाथर्डीकडच्या, तोंडाने फटकळ. सासूच्या जागी नोकरीला लागलेल्या. गुडघे गेले होते. एक दिवस म्हणाल्या, "वने, उद्या माज्या जागी जाती का? बसून तरी काय करती?" याला बदली म्हणत. पहाटे कुणाचं अंग मोडून आलेलं, कुणाची सून बाळंत. रजा मागितली तर मुकादम तोंड वाकडं करी, पण बदली आणली तर काहीच म्हणत नसे. मस्टरवर नाव ज्याची नोकरी त्याचं, झाडू भलत्याच बाईच्या हातात. यात काही वाकडं आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं. शेजारणीचं पाणी भरून द्यावं, तसं ते होतं. मावशींच्या गुडघ्यांसाठी म्हणून सुरू झालं आणि मी दीड वर्ष त्यांच्या नावाने झाडत राहिले.

मग एका सकाळी कचरा दाबायच्या गाडीत माझा उजवा हात गेला. मधलं बोट आणि त्याच्या पलीकडचं, अशी दोन बोटं. मुकादम लहानू रिक्षात माझ्या शेजारी बसला होता. हाताला फडकं गुंडाळलेलं. तो सारखा कानाशी म्हणत होता, "नाव सुमन सांग. न्हाईतर तूबी जाशील, ती बी जाईल, मी बी जाईन." दवाखान्यात मी सुमन सांगितलं. त्या वेळी मी कुणाचंही नाव सांगितलं असतं. केसपेपर सुमनच्या नावाचा झाला, पोलिसांच्या कागदावर सुमन लागली. अशी माझी बोटं मावशींच्या नावावर गेली.

आठ-दहा दिवसांनी भाऊसाहेब माझ्या खोलीवर आले. लहानू मागे उभा. बसायला काही नव्हतं, तर ते बादली उलटी घालून तिच्यावर बसले. बगलेतून मावशींचं सेवापुस्तक काढलं, पानं उलटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "या कागदावरनं तुमी अठ्ठावन्न वर्सांच्या."

मी अठ्ठावीसची होते. मी मान हलवली.

"लई टवटवीत ऱ्हायलाय."

लहानू उगाच हसला. भाऊसाहेब हसले नाहीत. पुस्तक मिटून म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाला गाडीपाशी या. नाव कुनाचंबी आना, हात तेवढा तुमचा आना."

मला रडू कोसळलं. "मले काही माहीत नाही जी. पोरगी लहान आहे माझी. मी काही खोटं नाही केलं."

ते उठले, बादली होती तशी सरळ करून ठेवली. "बाई, घाबरायचं काम माज्याकडं द्या," म्हणाले. "मला त्याचाच पगार हाय. तुमी फकस्त आठवा."

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच गल्लीत, त्याच उकिरड्यापाशी उभी केली. भाऊसाहेबांनी माझी चप्पल मागितली. ती त्यांच्या चार बोटांतच अडकली, मग अनवाणीच चढले. बरोबर एक पोतं आणलं होतं, उसाच्या वाढ्यांनी, हिरव्या शेंड्यांनी, ठासून भरलेलं. मी जशी कचऱ्याची पाटी आत लोटत होते, तसं ते पोतं लोटायचं असं त्यांनी मला दाखवायला सांगितलं आणि स्वतः लोटलं. ड्रायव्हरने दाब सुरू केला. पोत्याचं टोक आत ओढलं गेलं. "थांबीव," भाऊसाहेब म्हणाले. दाब थांबला नाही. पोतं निम्मं चेचून गेलं तेव्हा कुठे थांबला.

त्या गाडीला बाजूला एक दांडा असतो. तो धरून ठेवला तरच दाब चालतो, सोडला की थांबतो, अशी तिची रचना. आमच्या गाडीचा दांडा सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधून टाकलेला होता. फेऱ्या लवकर संपाव्यात म्हणून. मी रोज ती ट्यूब बघत होते, मला वाटे, गाडीच तशी आहे.

"कुनी बांदली?" भाऊसाहेबांनी विचारलं. ड्रायव्हरने फडक्याने आरसा पुसायला घेतला.

"बरं, कवापासून बांदल्याली हाय?"

"गाडी आली तवापासून," ड्रायव्हर म्हणाला.

भाऊसाहेबांनी ट्यूबला हात लावला नाही. तिचा फोटो काढला, दांड्यापासून माझ्या उभं राहायच्या जागेपर्यंत टेपने अंतर मोजलं, आणि मग मला कठड्यावर बसवून विचारलं, "आता सांगा. तुमचं नाव काय?"

मी लहानूकडे पाहिलं. तो गाडीच्या चाकाकडे बघत होता. मी म्हणाले, "वनिता."

"वनिताबाई," त्यांनी लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

आता अडचण सरळ होती. खरं लिहिलं तर मावशींची नोकरी धोक्यात, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. आणि मी तर कुणीच नव्हते. नगरपालिकेच्या कुठल्याच कागदावर माझं नाव नव्हतं. खोटं तसंच ठेवलं तर सगळे कागद मावशींचे, आणि मावशींच्या हाताला बोटं पुरती दहा. लहानूने यावरही उपाय काढला होता. नगरच्या सिव्हिलमध्ये तपासणी असते, तिथे मावशींनी दोन बोटं मुडपून, पट्टी बांधून जायचं. मावशींनी एक संध्याकाळ ते करूनही पाहिलं. पट्टी बांधून नेमक्या कचेरीच्या फाटकात भाऊसाहेबांपुढे आल्या.

"सुमनबाई, सिव्हिलचा डाक्टर पट्टी सोडतो," भाऊसाहेब म्हणाले. "सोडल्यावर दोन बोटं निगाली, तर त्यानं काय लिवायचं? नव्यानं फुटली म्हनून?"

मावशींनी तिथेच पट्टी सोडली आणि लहानूच्या नावाने जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी भाऊसाहेबांनी आम्हा दोघींना कचेरीमागच्या पाण्याच्या टाकीजवळ नेलं. मावशींना म्हणाले, "मी अहवालात खरं लिवनार. पन अर्धं खरं लिवलं तर तुमी दोगी चोर ठरता. पुरं लिवायचं तर तुमी सांगायला पायजे, की मुकादमाला ठावं हुतं, आन् बदलीवर बाई पाठवायची इथं रीतच हाय. ते सांगितलं तर तुमाला नोटीस यील."

"आन् नोकरी?" मावशींनी विचारलं.

"जानार न्हाई असं मी म्हननार न्हाई. माजं पुरतं बळ लावीन. शब्द देत न्हाई."

मला त्यांचा राग आला होता, आज लिहायला हरकत नाही. वाटलं, दोन गोड शब्द बोलले असते तर काय गेलं असतं. मावशी तडक घरी गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांच्या दारावरून जाताना मुलीला गप्प बसवायची, तिचा आवाजही त्यांना लागू नये म्हणून. बोटं गेली ती गेली, माझ्यामुळे त्या म्हातारीचं अन्न जातंय, हे मला सहन होईना. मी सामान बांधायला घेतलं होतं. एका हाताने गाठ बसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मावशी दारात आल्या. कामावरचं नारिंगी जाकीट घातलेलं, डोक्याला पदर. "चल," म्हणाल्या. "कुठं?" "चल म्हन्ते ना. आन् ते गाठोडं काय बांदून ठिवलंय? सोड."

कचेरीत भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "गुडगे माजे गेले, बोटं हिची गेली. दोन्ही नगरपालिकेच्याच कामावर गेलं. लिवा."

भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा. दमानं सांगा." मावशी बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगून अंगठा दिला.

लहानूकडे एक कच्ची वही होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बदलीवर आलेल्या बाईच्या दिवशी तो मूळ नावापुढे एक ठिपका द्यायचा, कुणाच्या जागी कोण आलं त्याचा हिशेब चुकू नये म्हणून. तो म्हणे, अशी वही नाहीच. भाऊसाहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लहानू, वही दिली तर ती रीत ठरंल, सगळ्या कचेरीची. न्हाई दिली तर गुन्हा ठरंल, तुज्या एकट्याचा. जेवून ये आन् इचार कर." लहानू जेवायला गेलाच नाही. अर्ध्या तासात वही टेबलावर होती. तिच्यात ठिपकेच ठिपके होते, कितीतरी वर्षांचे, वेगवेगळ्या मुकादमांच्या हातचे.

अहवाल मुख्याधिकारी साहेबांपुढे गेला तेव्हा भाऊसाहेबांनी मलाही नेलं. साहेब तरुण होते, परीक्षा देऊन आलेले, वाईट नव्हते. पण सांभाळून असत. त्यांनी पानं चाळली. म्हणाले, "भाऊसाहेब, या बाईंचं मला वाईट वाटतं. पण ही आपली कामगार नाही. मस्टरवर नाव दाखवा."

"मस्टरवर न्हाई, साहेब."

"मग?"

"गाडी आपली. दांडा बांदल्याला आपला. सकाळी हिनं यावं म्हनून ज्यानं हाक मारली त्यो मुकादम आपला. कचरा तर आख्ख्या गावाचा. मंग हात तेवढा परका कसा?"

साहेबांनी पान उलटलं. शेवटच्या पानावर आले आणि थांबले. तिथे भाऊसाहेबांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं. चौकशीचं काम येण्याआधी सात वर्षं आरोग्य विभागाचं मस्टर त्यांच्या टेबलावरून जात असे. लिहिलं होतं: 'बदलीची प्रथा मला माहीत होती. मी ती वरिष्ठांना कधीही लेखी कळवली नाही. या दुखापतीत माझ्या त्या न कळवण्याचाही भाग आहे.'

"हे काढा," साहेब म्हणाले. "तुमच्या निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलीत. हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

"काडलं तर वरचं समदं सैल पडंल, साहेब."

"ते कसं?"

"कचेरीला ठावं हुतं असं लिवायचं, आन् ठावं असनाऱ्या एकाचंबी नाव न्हाई. नगरला वाचनारा म्हनंल, ऐकीव हाय. एक तरी नाव पायजे. शोधलं, तर माजं सापडलं."

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मला तेव्हा सगळं कळलं नव्हतं. एवढंच कळलं की हा माणूस माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर काहीतरी ओढून घेतोय, आणि आवाज मात्र असा, जसा खिडकी लावायला सांगतोय. साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते चार पावलं मागे सरले. "अहो, हात दुखावंल. टाके वले हायती अजून."

नगरच्या कामगार न्यायालयात तारखा पडल्या. बसवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर नगरच ओरडतो. प्रत्येक तारखेला भाऊसाहेब पिशवीत भाकरी बांधून आमच्या आधी स्टँडवर हजर. समोरच्या वकिलाने विचारलं, की बाईने घाईत हात घातला, असं मुकादमाच्या पहिल्या कागदावर आहे. भाऊसाहेब म्हणाले, "घाई बाईची न्हवती. घाई ट्यूबची हुती," आणि फोटो पुढे ठेवला. निकाल माझ्या नावाने लागला. वनिता, संपूर्ण नाव, पत्ता, वय अठ्ठावीस. ती प्रत मी त्या दिवशी बसमध्ये इतक्या वेळा वाचली की शेजारच्या बाईने विचारलं, "पोरगं पास झालं का?"

मावशींना नोटीस आली. एक वेतनवाढ रोखली, नोकरी राहिली. निवृत्त होऊन आता दारात बसून लोकांना बोल लावतात. लहानूला दुसरीकडे टाकलं. दांड्याला पुन्हा ट्यूब दिसली तर ड्रायव्हर जबाबदार, असं पत्र निघालं. मला रेकॉर्ड रूममध्ये रोजंदारीवर घेतलं. अंगठा आणि पहिलं बोट शाबूत असल्याने फायली उचलता येतात, लिहिताही येतं. भाऊसाहेबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी त्यांच्या जुन्या चौकशांच्या फायली लावल्या. त्या वाचता वाचता माझं वाचन सुधारलं. टाकीवरच्या व्हॉल्व्हमनची चौकशी त्यांनी त्याच दिवसांत केली, त्यांची शेवटची. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "भाऊसाहेब, इतकी चौकशी कशाला जी? दवाखान्याचा कागद तर असतोच." म्हणाले, "दवाखान्याचा कागद सांगतो कुठं लागलं. का लागलं ते सांगत न्हाई. आन् का लागलं ते न्हाई लिवलं, तर पुडच्या महिन्यात दुसऱ्याला तिथंच लागतं."

ते निवृत्त झाले आणि कर्जतला गेले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी हार घातला, भाषण केलं. त्याच आठवड्यात त्यांच्या नावाने विभागीय चौकशीची नोटीसही निघाली. आधार त्यांच्याच अहवालातला, त्यांच्याच हातच्या तीन ओळी. सातवीपर्यंत शिकलेल्या मला त्यातलं फार कळत नाही, पण नोटिशीची प्रत माझ्याच कपाटात लावायला आली. तिच्यात लिहिलं होतं, की सदर प्रकार त्यांच्या दुर्लक्षामुळे घडून आला. मी ती फाईल लावली आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "साक्षीदार कोन कोन हायती त्याच्यात?" मी म्हणाले, "कुणीच नाही." मावशी पान लावत होत्या, ते तसंच ठेवून म्हणाल्या, "मंग आपन काय मेलोय का?"

मी कधी एवढ्या लांब, कामाशिवाय, कुणाला काही सांगायला गेले नव्हते. पोरीला शेजारी ठेवून रविवारी आम्ही दोघी एसटीने कर्जतला गेलो. गावाबाहेर दोन खोल्या, लिंबाची चार झाडं, एक शेळी. भाऊसाहेब बनियनवर बसून झाडाला आळं करत होते. आम्हाला बघून घरात जाऊन सदरा घालून आले. त्यांच्या घरच्या बाईंनी चहा ठेवला. भाऊसाहेबांनी आधी माझा हात बघितला, उलटा-पालटा करून, डॉक्टर बघतो तसा. "मूठ हुती का?" मी केली. "बास," म्हणाले. "लई झालं."

मग मावशींनी विषय काढला. आम्ही साक्षीला येणार.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "येऊ नका," म्हणाले. "वनिताबाई, तुमी रोजंदारीवर. उद्या साहेब बदलंल, नवीन यील, म्हनंल ही बाई कचेरीच्या इरोधात बोलती. सुमनबाई, तुमची पेन्शन नुकती चालू झालीय. आन् मला काय हुनार हाय? ताकीद देतील. पेन्शन थोडी अडकंल. मी चूक केली हुती, तर चौकशी हुनारच. माजी चौकशी झाली न्हाई, तर मी आयुष्यभर काय केलं?"

"तुम्ही मावशींना खरं बोलायला लावलं तेव्हा त्यांची नोकरी जात होती जी," मी म्हणाले. "तेव्हा तुम्ही म्हणाले होते, अर्धं लिहिलं तर आम्ही चोर ठरतो. आता त्या कागदावर अर्धंच आहे. तुम्हाला माहीत होतं, एवढं आहे. तुम्हीच ते सांगितलं, हे नाही."

"बाई, मी सांगतोय ना..."

"आम्ही विचारायला नाही आलो, भाऊसाहेब. सांगायला आलो."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. दीड वर्ष त्यांच्या नावाने झाडत होते तेव्हाही मी त्यांच्यापुढे एवढं बोलले नव्हते. बाईंनी चहाचे कप आणून ठेवले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता गप बसा जरा." शेळी ओरडली, तिला भाऊसाहेबांनी उगाचच पाला टाकला.

मग ते आत गेले, कागद-पेन घेऊन आले, चौकशी अधिकाऱ्याला साक्षीसाठी अर्ज कसा करायचा ते सांगायला लागले. कुणाच्या नावे, विषय काय, प्रकरण क्रमांक कुठे. मी लिहीत होते. मधेच 'घडून आलं' अशा एका ओळीला थांबवून ती पुन्हा लिहायला लावली. अर्ज पुरा झाला, मी खाली सही केली, मावशींनी अंगठा दिला.

"आता ऐका," ते म्हणाले. "जेवढं बगितलं तेवढंच सांगायचं. इचारलं तेवढंच. आन् माज्याबद्दल चांगलं बोलू नका. साक्षीत चांगलं बोललं की समोरचा म्हनतो, पढवून आनलंय."

पुढच्या महिन्यात तारीख आहे. अर्जाची पोच आली आहे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, नीट विचार केलाय ना. मी हो म्हणाले. त्या दिवशी मी उभी राहून जेवढं बघितलं तेवढंच सांगणार आहे, एक शब्द जास्त नाही. तिथे जे बोलायची भाऊसाहेबांनी मनाई केलीय, ते इथे लिहिलं.